लेकी बोले, सुने लागे



लेकी बोले, सुने लागे ही म्हण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. सासूला सुनेला काहीतरी सांगायचं असतं. तोंडावर सांगितलं तर भांडण होईल. मग ती सुनेच्या देखत लेकीला म्हणते, "अगं, चहाची भांडी लगेच विसळून ठेवावीत." लेकीला कळतं, हे माझ्यासाठी नाही. सुनेला कळतं, हे माझ्यासाठीच आहे. आणि कुणी जाब विचारला तर सासू म्हणायला मोकळी, "मी तर माझ्या लेकीशी बोलत होते!"

आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून हेच केलं. सासरचा जाच सरळ सांगता येत नव्हता, तो ओवीत घातला. आज मी सांगणार आहे ती गोष्ट लांबची आहे, अमेरिकेतली. साठेक वर्षांपूर्वी तिथल्या टीव्हीवर काही लेखकांनी हीच युक्ती वापरली. बोलायचं होतं आपल्याच देशातल्या माणसांशी, आपल्याच गावच्या अन्यायाबद्दल. सरळ बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी सगळी गोष्ट नेऊन ठेवली दूरच्या ग्रहांवर आणि अंतराळयानात. अशा गोष्टींना आपण विज्ञानकथा म्हणतो. त्यातून काय साधलं आणि काय साधलं नाही, ते आज पाहू.

सुरुवात एका आईपासून करते. १९५५ सालच्या ऑगस्ट महिन्यात एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा शिकागोहून मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे सुट्टीला गेला. तिथं दुकानातल्या एका गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, असं म्हणून तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं त्याला रात्री घरातून उचलून नेलं, हालहाल करून मारलं आणि नदीत टाकलं. त्याची आई मेमी हिनं शवपेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचं काय केलं ते सगळ्यांना दिसू दे, असं तिचं म्हणणं होतं. हजारो लोकांनी ते पाहिलं, मासिकात फोटो छापून आला. पण कोर्टात निकाल देणारे बारा पंच सगळे गोरे पुरुष होते. दोन्ही आरोपी निर्दोष सुटले.

रॉड सर्लिंग नावाच्या टीव्ही लेखकाला ही गोष्ट स्वस्थ बसू देईना. त्यानं १९५६ मध्ये यावर नाटक लिहिलं, तेही आडून. मेलेला माणूस म्हणजे कृष्णवर्णीय मुलगा नाही, तर गहाणवटीचं दुकान चालवणारा एक म्हातारा ज्यू. पण हे एमेट टिलचंच प्रकरण आहे अशी बातमी फुटली आणि तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा टीव्हीचे कार्यक्रम जाहिरात करणाऱ्या कंपन्यांच्या पैशांवर चालायचे. आपला माल दक्षिणेतल्या गोऱ्या गिऱ्हाइकांनी घेतला नाही तर काय, ही भीती कंपनीला होती. मग मेलेला माणूस कुठलासा परदेशी झाला. गाव दक्षिणेतून उचलून उत्तरेत नेलं. दक्षिणेची आठवण होईल म्हणून एका थंड पेयाच्या बाटल्यासुद्धा पडद्यावरून काढल्या. नाटक दाखवलं गेलं, पण त्यातला जीव गेला होता.

सर्लिंगच्या ध्यानात आलं की इथल्या माणसाच्या तोंडी जे चालत नाही, ते परग्रहावरच्या माणसाच्या तोंडी चालतं. २ ऑक्टोबर १९५९ ला त्याची 'ट्वायलाइट झोन' ही मालिका सुरू झाली. पाच वर्षं चालली, १५६ भाग झाले. त्यातला १९६० सालचा एक भाग सांगते.

एक साधी आळी आहे. संध्याकाळची वेळ. अचानक दिवे जातात, टेलिफोन बंद पडतात, गाड्या सुरू होईनात. एक पोरगा म्हणतो, मी गोष्टीत वाचलंय, परग्रहावरचे लोक उतरायच्या आधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पुढं पाठवतात. आधी सगळे हसतात. तेवढ्यात एका शेजाऱ्याची गाडी आपोआप सुरू होते. झालं, त्याच्याकडे बोटं वळतात. तो रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे का बघतो? दुसरा तळघरात रेडिओवर कुणाशी बोलतो? अंधारातून एक आकृती चालत येते. घाबरलेला एक जण बंदूक चालवतो. मरतो तो त्यांचाच शेजारी. पलीकडच्या आळीत दिवे आहेत का, हे बघायला गेला होता बिचारा. मग एकेका घराचे दिवे लागतात, विझतात, आणि माणसं एकमेकांना दगड मारायला लागतात. लांब टेकडीवर परग्रहावरचे दोघं हे बघत असतात. ते म्हणतात, आपल्याला हल्ला करायची गरजच नाही. फक्त दिवे घालवायचे, बाकीचं ही माणसं स्वतःच करतात.

त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत 'हा कम्युनिस्ट आहे' एवढ्या संशयावर कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. शेजारी शेजाऱ्याचं नाव सांगत होता. टीव्हीसमोर बसलेल्यांना त्या आळीत आपली आळी दिसत असणार. आपल्याकडे एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवून गाव तिच्या दारात जमतो, तेव्हाही सुरुवात अशाच एखाद्या कुजबुजीनं होते.

आता दुसऱ्या मालिकेकडे वळू. तिचं नाव 'स्टार ट्रेक'. ती ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. जीन रॉडनबेरी हा तिचा जनक. दुसऱ्या महायुद्धात त्यानं विमान चालवलं होतं, नंतर पोलिसात नोकरी केली होती. मालिका काढणाऱ्या कंपनीची मालकीण होती ल्युसिल बॉल. ती लोकांची लाडकी विनोदी नटी. घटस्फोटानंतर १९६२ मध्ये नवऱ्याचा हिस्सा विकत घेऊन ती कंपनी चालवू लागली. एवढी मोठी टीव्ही कंपनी चालवणारी हॉलिवूडमधली ती पहिली बाई. मालिका खर्चिक होती आणि कंपनीतल्या इतर संचालकांचं मन घेत नव्हतं. तिनं आपलं वजन टाकलं, म्हणून ती निघाली.

गोष्ट काही शतकं पुढची. माणसं अंतराळयानातून ग्रहाग्रहांवर हिंडतात. खरी गंमत यानाच्या खोलीत कोण कुठं बसलंय यात होती. तेव्हा अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते, आणि १९६७ पासून यानात एक रशियन तरुण काम करू लागला. सुकाणूपाशी जॉर्ज टाकेई हा जपानी वंशाचा नट होता. महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशातल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना तारेच्या कुंपणाआड छावण्यांत डांबलं होतं. लहानगा टाकेई त्यांतला एक. आणि संदेश यंत्रणेवर अधिकारी म्हणून बसली होती एक कृष्णवर्णीय बाई, लेफ्टनंट उहुरा. स्वाहिली भाषेत 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य, त्यावरून तिचं नाव. नटीचं नाव निशेल निकोल्स.

ऐंशीच्या दशकात ही मालिका आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली. आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही होता. इंग्रजी कुणालाच कळायचं नाही, तरी आम्ही पोरं-बाया ओटीवर गर्दी करून बघायचो. माझी आत्या एकदा म्हणाली, "ती कानात यंत्र घातलेली बाई नुसते निरोपच देते का गं? तिला कधी कुठं धाडत नाहीत ते!" आत्याला अक्षरओळख नव्हती. तिनं नेमकं कुठं बोट ठेवलं, ते मला फार उशिरा कळलं. त्याकडे येतेच. आधी या मालिकेतल्या दोन गोष्टी ऐका.

पहिली १९६७ ची. एका ग्रहावर खाण आहे. खोल बोगद्यांत काहीतरी येतं आणि कामगारांना जाळून मारतं. यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सोबती स्पॉक त्या राक्षसाला शोधायला जातात. राक्षस म्हणजे दगडासारखा सरपटणारा प्राणी. स्पॉकला दुसऱ्याच्या मनात शिरून त्याचं दुःख जाणता येतं. तो त्या प्राण्यावर हात ठेवतो आणि वेदनेनं ओरडतो. तेव्हा कळतं की ती आई आहे. खाणीत सापडणारे गोल गोल दगड कामगार निरुपयोगी म्हणून फोडून टाकत होते. ती तिची अंडी होती. शेवटी तोडगा निघतो. माणसांनी अंड्यांना हात लावायचा नाही. पिल्लं आपल्या स्वभावानं बोगदे खोदतील, माणसांनी त्यातून धातू काढावा. ज्यांच्या गावाशेजारी खाण आली आहे, त्या बायांना याचा अर्थ मी काय सांगू? राक्षस कोण, हे खाणीच्या कोणत्या बाजूला उभं राहून बघतो त्यावर ठरतं.

दुसरी गोष्ट जानेवारी १९६९ ची. यानात दोन माणसं येतात. दोघांचेही चेहरे मधोमध वाटलेले, अर्धा काळा, अर्धा पांढरा. एक पोलिसासारखा, दुसरा त्याच्यापासून पळणारा. पाठलाग हजारो वर्षं चाललेला. कर्कला कळेना की हे भांडतात कशावरून? दोघं तर सारखेच! पोलिस चिडून म्हणतो, दिसत नाही का, माझी उजवी बाजू काळी आहे आणि त्याची पांढरी? दोघांना घेऊन यान त्यांच्या ग्रहाजवळ पोचतं. तिथं कुणीच जिवंत उरलेलं नाही. सगळे एकमेकांना मारून संपलेत. आता तरी हे दोघं थांबतील, असं वाटतं. ते त्या मेलेल्या ग्रहावर उतरतात आणि पाठलाग पुढं चालू ठेवतात. हा भाग दाखवला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन वर्षही झालं नव्हतं.

तर लेकी बोलून सुनेला असं लागत होतं. आता आत्याच्या प्रश्नाकडे येते.

निशेल निकोल्सलाही तेच खुपत होतं. संहितेत तिला चांगले संवाद असत, चित्रीकरणापर्यंत ते कापले जात. उरायचं ते एवढंच की संदेश यंत्रणा सुरू आहे, कप्तान. पहिलं वर्ष संपताना तिनं मालिका सोडायचं ठरवलं. नंतर तिनं अनेकदा सांगितलं, की त्याच सुमारास एका कार्यक्रमात मार्टिन ल्यूथर किंग तिला भेटले. आपण घरी मुलांसोबत ही मालिका बघतो, असं ते म्हणाले. सोडतेय म्हटल्यावर त्यांनी तिला समजावलं की मोलकरीण नसलेली, कुणाची चाकर नसलेली, हुशार आणि मानानं वागवली जाणारी कृष्णवर्णीय बाई लोक टीव्हीवर बघताहेत, ती जागा सोडू नकोस. ती थांबली. व्हूपी गोल्डबर्ग ही पुढं नामवंत झालेली नटी तेव्हा लहान होती. उहुराला बघून ती आईला हाका मारत सुटली होती, की टीव्हीवर आपल्यासारखी बाई आहे आणि ती मोलकरीण नाही!

म्हणजे जागा मिळाली, मान मिळाला. पण काम? अधिकार? इथं ही मालिका अडखळते, आणि ते झाकायचं कारण नाही. १९६४ च्या शेवटी पहिला नमुना भाग बनवला, त्यात कप्तानाच्या खालोखाल एक बाई होती. वाहिनीनं तो भाग नाकारला. रॉडनबेरी सांगायचा, त्यांना अधिकारावर बाई नको होती. त्याचेच सहकारी सांगत, बाई चालली असती, पण ती नटी रॉडनबेरीची मैत्रीण होती म्हणून नको होती. कारण काहीही असो, दुसऱ्यांदा भाग बनला तेव्हा ती खुर्ची पुरुषाकडे गेली. मालिकेच्या कथा सांभाळणारी एक हुशार लेखिका होती, डोरोथी फोंटाना. सेक्रेटरी म्हणून लागली आणि कथा संपादक झाली. पण पडद्यावर तिचं नाव यायचं 'डी. सी. फोंटाना', बाई आहे हे कळू नये असं.

मालिकेचा शेवटचा भाग ३ जून १९६९ ला दाखवला. त्यात एक बाई कर्कचं शरीर बळकावते, कारण कप्तानांच्या जगात बायांना जागाच नाही, असं ती म्हणते. आणि गोष्टीत ती वेडी ठरते. काही शतकं पुढचं जग रंगवणाऱ्यांना माणसाचा रंग ओलांडता आला, बाईच्या खुर्चीपाशी मात्र पाय अडकला. बाई कप्तान झालेली स्टार ट्रेक मालिका यायला १९९५ उजाडलं.

खऱ्या अंतराळात काय चाललं होतं? रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा जून १९६३ मध्येच अंतराळात जाऊन आली होती. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बापाची लेक, कापड गिरणीतली कामगार. अमेरिकेचे अंतराळवीर मात्र सगळे गोरे पुरुष. मालिका संपल्यावर दीड महिन्यानं माणूस चंद्रावर उतरला, तेही तसेच.

आता बघा, निशेल निकोल्सनं काय केलं. पडद्यावर ती निरोप देणारी बाई होती. पडद्याबाहेर तिनं अंतराळ क्षेत्रातल्या मोठ्या लोकांपुढे भाषणात विचारलं की या सगळ्यात माझी माणसं कुठं आहेत? इथं लेकीला बोलून सुनेला लागू देणं नव्हतं. ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं. १९७७ मध्ये अमेरिकेची अंतराळ संस्था नासा हिनं तिलाच काम दिलं, की बायांना आणि मागे राहिलेल्या समाजांतल्या लोकांना अर्ज करायला सांगा. ती देशभर फिरली, कॉलेजांत गेली, टीव्हीवरून आवाहन केलं. १९७८ मध्ये नासानं ३५ नवे अंतराळवीर निवडले. त्यांत ६ बाया होत्या आणि ३ कृष्णवर्णीय पुरुष होते. हे श्रेय तिचं एकटीचं नाही. त्यामागे मोर्चे होते, तुरुंगवास होता, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होता आणि सरकारी नोकऱ्यांनाही तो लागू करणारा १९७२ चा कायदा होता. पण अर्ज भरायला हात पुढं व्हावा लागतो, आणि ही जागा आपलीही असू शकते असं वाटल्याशिवाय हात पुढं होत नाही. ते वाटायला लावण्यात तिचा वाटा होता. १२ सप्टेंबर १९९२ ला मे जेमिसन अंतराळात गेली. अंतराळात जाणारी जगातली पहिली कृष्णवर्णीय बाई. लहानपणी ती उहुराला बघायची, हे तिनं स्वतः सांगितलंय. २०२२ च्या जुलैमध्ये निकोल्स वारली, तेव्हा हे सगळं ती डोळ्यांनी बघून गेली होती.

मैत्रिणींनो, मला यातून एवढंच दिसतं. आडून बोलल्यानं माणसाच्या मनाचं दार किलकिलं होतं. जे ऐकून घेतलं नसतं, ते गोष्टीत ऐकून घेतलं जातं. पण खुर्ची आणि खुर्चीवरचा अधिकार कुणीतरी सरळ बोलल्यावरच मिळतो. एमेटच्या आईनं शवपेटी उघडी ठेवली, तिनं काही आडपडदा ठेवला नाही. सर्लिंगचं नाटक तिच्या त्या धैर्याच्या मागून आलं.

आपल्याकडे १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा बायांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या आहेत. सरपंचाच्या खुर्चीवर बाई दिसते, हे मोठंच झालं. आमच्या पोरींना ते दिसतंय. पण माझी आत्या आज असती, तर ग्रामसभेच्या मागच्या रांगेत बसून तिनं तोच प्रश्न विचारला असता. ही बाई ठराव मांडते, की नुसती नवऱ्याचा निरोप देते?

तर येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की पाच-दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं एक तरी गोष्ट आठवून सांगा, जी तुम्ही आजवर ओवीतून, उखाण्यातून किंवा लेकीच्या नावानं बोललात. आणि मग सगळ्याजणी मिळून ठरवा की त्यातली कोणती आता ग्रामसभेत उभं राहून, नाव घेऊन, सरळ बोलायची.

पुन्हा भेटू. नमस्कार.